थांबाबाईची घाई

तिला थांबाबाई हे नाव ट्रकवाल्यांनी ठेवलं, आणि ते तिने चांगलं कमावलेलं होतं. मधमाश्यांच्या पेट्या एका फुलोऱ्यावरून दुसऱ्या फुलोऱ्यावर हलवायच्या त्या संध्याकाळी. दिवसभर चरायला गेलेल्या माश्या घरी परतल्या, की पेटीच्या दाराला जाळी लावायची, पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि निघायचं. बाकीचे मधवाले दिवस कलला की घाईला येत. हिचं तसं नाही. ड्रायव्हर इंजिन सुरू करून बसलाय, पेट्या चढवणारे जांभया देतायत, आणि ही एकेका पेटीच्या दाराशी उकिडवी बसून हात वर करून म्हणणार, "थांबा! अजून यायच्यात."

मग कुठून तरी दोन माश्या पायांना परागाची गाठोडी बांधून धापा टाकत यायच्या. माश्या धापा टाकतात हे तिचं म्हणणं, आपण कशाला वाद घाला.

"आल्या का बाई तुमच्या साळकाया-माळकाया?" ड्रायव्हर विचारायचा.

"साळकाया आल्या. माळकाया राहिल्यात. थांबा."

कुणी फार कटकट केली तर ती त्याला फैलावर घ्यायची. "दिवसभर राबून बिचारी दमून घरी यायची आणि घरच जागेवर नाही! तुमच्या बायकोने असं केलं तर चालेल तुम्हाला?" एक ड्रायव्हर म्हणाला, की चालेल, उलट बरंच होईल. त्याला तिने पुन्हा पेट्यांना हात लावू दिला नाही. असं करत करत आसपासचे सगळे ड्रायव्हर संपले, तेव्हा तिच्या धाकट्या भावाने मुकाट्याने लायसन काढलं आणि एक जुना ट्रक घेतला. बहिणीपुढे बोलून उपयोग नसतो हे तो पाळण्यात असल्यापासून शिकलेला होता.

थांबाबाईचा जन्म सूर्यफुलाच्या शेताच्या बांधावर, तंबूत झाला. आईबापांचा धंदा हाच. पेट्या आईकडून मिळाल्या आणि हट्ट बापाकडून. लोक तापट माणसाबद्दल म्हणतात ना, नाकावर माशी बसू देत नाही? हिच्या नाकावर माश्या खुशाल बसायच्या, माणसं मात्र चार हात लांब. लग्नाच्या वयात स्थळं आली नाहीत असं नाही. पण मुलाकडचे विचारायचे, "मुलगी राहते कुठे?" आणि बाप विचारायचा, "कुठल्या महिन्यात?" एवढ्यावर बोलणी आटपायची. पुढे आईबाप गेले, भावाचं लग्न झालं, भावजय गावात मुलांची शाळा सांभाळत राहिली, आणि बहीणभाऊ फुलोऱ्यामागे फिरत राहिले. पायाला भिंगरी म्हणतात ती दोघांच्या पायांना होती, फरक इतकाच की त्याची अधूनमधून दुखायची.

थंडीत मोहरी. मोहरीचा मध बरणीत भरला की काही दिवसांत तुपासारखा पांढरा थिजून बसतो. गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणतं, "साखर घातलीय!" ती म्हणायची, "घातलीय की. फुलांनी." मोहरी संपली की धणे. धण्याचा मध तांबूस, जिभेवर आधी गोड आणि मग किंचित झणका. त्यानंतर सूर्यफूल, पिवळाधमक आणि बाळबोध. मग निलगिरी. तिचा मध चाटला की सर्दी झालेली नसली तरी बरी झाल्यासारखं वाटतं. आणि शेवटी डोंगर, तिथे माश्या कुठल्या फुलावर जातात ते त्या कुणाला सांगत नाहीत, आणि मध दरवर्षी निराळा लागतो. पाऊस सुरू झाला की गावी परत, पेट्या झाकून, पाय पसरून.

असं सगळं नीट चाललेलं असताना एका शेळीने तिची जाळीची टोपी खाल्ली.

डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारी ती जाळी नसेल तर पेटी उघडायची सोय नाही. मुक्काम धण्याच्या फुलोऱ्यावर होता. शेताला लागूनच एक छोटं गाव होतं आणि गावात एक शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. दुकान इतकं अरुंद, की मशीन दाराशी, कापायचं टेबल मागे, आणि या दोन्हींच्या मधून जायचं तर गिऱ्हाइकाने श्वास आत घ्यायचा. दुकानातूनच एक लाकडी जिना वर खोलीत जायचा. तिथे मास्तरांची आई असायची, आणि काही हवं असलं की काठीने जमिनीवर ठोकायची. मास्तर पन्नाशीचे, शांत, कानामागे खडू, गळ्यात टेप. बायको जाऊन फार वर्षं झालेली. जेवतानाही टेप गळ्यात असायचा असं आई सांगायची.

"डोक्याचं माप घ्यावं लागेल," मास्तर म्हणाले. "अंबाडा धरून घेऊ, की सोडून?"

"अंबाडा घरी ठेवून येत नसते मी."

मास्तरांनी टेप धरला आणि तेवढ्यात अंबाड्यातून एक माशी निघाली. ती बिचारी वाट चुकून आत अडकलेली, तिला जायचं होतं बाहेर. पण मास्तर त्याआधीच पोचले होते वर, म्हणजे कापायच्या टेबलावर, उभे, पाठ भिंतीला, कात्री हातात. वरून काठी वाजली. "काय रे, काय पडलं?"

"काही नाही आई," मास्तर टेबलावरून म्हणाले, "माप घेतोय."

थांबाबाई हसली ती अशी, की डोळ्यांतून पाणी आलं. शेतावर परत जाईपर्यंत ती हसत होती. तंबूत शिरल्यावर पुन्हा हसली. भावाने विचारलं काय झालं, तर म्हणाली, टोपी गुरुवारी मिळेल.

टोपी मिळाली ती काय सुरेख. आतली शिवण बाहेर घेतलेली, मानेला टोचू नये म्हणून. कपाळाशी मऊ पट्टी, घाम टिपायला. इतक्या वर्षांत तिच्या मानेचा एवढा विचार कुणी केला नव्हता. ती आभार मानायला गेली ती मोहरीच्या मधाची बरणी घेऊन.

"मी या गावाबाहेर फारसा गेलेलो नाही," मास्तर बोट चाटत म्हणाले. "म्हटलं, कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच."

"पानं तीनच," ती म्हणाली. "पण चव बघा."

वरून काठी वाजली. आईलाही चव बघायची होती. म्हातारीने बोटभर मध तोंडात धरून ठेवला, डोळे मिटले आणि विचारलं, "मोहरीचं शेत किती पिवळं असतं गं? डोळे दिपतात म्हणे."

"दिपतात. चार दिवस मग सगळंच पिवळं दिसतं."

"बघायला हवं," म्हातारी म्हणाली आणि तेव्हापासून तो विषय तिने सोडला नाही.

पुढच्या वर्षी धण्याच्या फुलोऱ्यावर येताच थांबाबाईला हातमोजे शिवायचे निघाले. मग पेट्यांवर टाकायची फडकी. त्याच्या पुढच्या वर्षी फडकी चांगली धडधाकट होती, तेव्हा तिने तंबूच्या मागे बसून त्यांतली काही स्वतःच्या हाताने फाडली. भावाने ते पाहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा त्याला नवीन नव्हती, पण आपल्या ताईकडून ती पाहायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"ताई, पुन्हा शेळी आली होती वाटतं?"

"हो."

"शेळीच्या हातात कात्री होती वाटतं?"

"तू तुझी गाडी बघ," ती म्हणाली आणि कानामागून लाल झाली.

प्रत्येक वेळी ती एकेका ठिकाणचा मध न्यायची. मास्तर बरणी उजेडात धरायचे आणि चमच्याने चाटायचे. मग म्हणायचे, "हा जरा कडक सुताचा आहे," किंवा, "हा मलमल." निलगिरीला ते लोकर म्हणाले. डोंगराचा मध त्यांनी दोनदा चाटला. मग म्हणाले, "हा ठिगळांची गोधडी. छान आहे." ती रस्त्याने परत येताना ते शब्द स्वतःशी म्हणत यायची. वयाच्या या टप्प्यावर बाईने असं एकटीने हसत रस्त्याने चालणं बरं दिसत नाही, हे तिला कळत होतं. कळून काय करणार? जमिनीवर पाय ठरत नव्हते, याला ती जबाबदार नव्हती.

माश्यांची भीती मात्र मास्तरांची गेली नाही. तिच्यामागे एखादी दुकानात आलीच, की ते टेबलावर. आता ते बोलणं न थांबवता चढायचे, एवढीच प्रगती.

तिसऱ्या वर्षी धण्याचा फुलोरा ओसरला. सूर्यफुलाकडे निघायच्या आदल्या दिवशी मास्तर तिला म्हणाले, "उद्या जाण्याआधी संध्याकाळी दुकानात याल? एक विचारायचंय. आईसमोर."

ते बोलताना त्यांनी टेपाची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. काय विचारायचंय हे समजायला फार अक्कल लागत नव्हती.

त्या रात्री थांबाबाईला झोप आली नाही. आनंद पोटात मावत नव्हता आणि भीतीही सोडत नव्हती. मास्तर म्हणणार, राहा. दुसरं काय म्हणणार? ज्या माणसाने गावाची वेस ओलांडलेली नाही तो तंबूत येणार होता? आणि ही राहिली तर पेट्या राहिल्या, आणि धणे संपल्यावर त्या गावात माश्यांना खायला काय होतं, धूळ? सगळ्या उपाशी मेल्या असत्या. पेट्या विकल्या तर ही उपाशी मेली असती. एवढं सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. तरी तिला भीती 'नाही' म्हणण्याची नव्हती. तिला ठाऊक होतं की मास्तर टेप गुंडाळत समोर उभे राहिले, तर आपण 'हो' म्हणू.

म्हणून दुसऱ्या दिवशी, ऊन चांगलं डोक्यावर असताना, ती भावाला म्हणाली, "पेट्या चढव."

भावाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "ताई, ऊन आहे अजून."

"दिसतंय मला."

"माश्या बाहेर आहेत."

"आल्यात सगळ्या."

भावाने वर पाहिलं. त्याच्या डोक्यावरून माश्यांची नुसती वर्दळ चालली होती. "मग ह्या कोण?"

"शेजारच्या," ती म्हणाली आणि दारांना जाळ्या ठोकू लागली.

शेजारी दुसरा मधवाला कोसभरसुद्धा नव्हता. पण भाऊ शहाणा. त्याने पेट्यांवर पाणी शिंपडलं, पेट्या चढवल्या, दोर आवळले आणि गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा थांबाबाई 'थांबा' न म्हणता निघाली. घाईघाईत एक फडकं कुंपणाच्या खांबावर तसंच राहिलं, तेही तिने पाहिलं नाही.

गाडीत ती काय बोलत होती म्हणता! रस्ता किती छान झालाय, ही झाडं कधी लावली, वहिनीला फोन करायला हवा, सूर्यफूल यंदा उंच असेल. मग गाणं म्हणायला लागली. तिचा गळा म्हणजे आनंदच होता. भाऊ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला.

गाण्याच्या मध्येच समोरच्या काचेवर आतून एक माशी चालताना दिसली. दोन्ही पायांना परागाची गाठोडी. काचेवर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. एवढा बाजार करून आलेली आणि घर कुठाय ते कळत नव्हतं.

थांबाबाईचं गाणं बंद पडलं. ती त्या माशीकडे बघत राहिली. बोलली तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता.

"थांब."

भाऊ हा शब्द ऐकायलाच बसला होता. त्याने ब्रेक असा दाबला, की मागच्या सगळ्या पेट्या एकदम गुणगुणल्या.

"किती मागे राहिल्या असतील रे?"

"अर्ध्याअधिक."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तू म्हणालीस शेजारच्या."

ती रडायला लागली आणि रडता रडता तिला हसू फुटलं. भावाने गाडी फिरवली. "माश्यांसाठी जातोय हं आपण," ती डोळे पुसत म्हणाली. "लोकांचा काही गैरसमज व्हायला नको."

"कुठल्या लोकांचा?" भावाने विचारलं. तिने काचेवरची माशी अलगद बोटावर घेतली.

शेताशी पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. गाडी पुरती थांबायच्या आत तिने उडी मारली. पेट्या जिथे होत्या तिथे गवतावर नुसते चौकोन उमटलेले होते आणि त्यांच्यावर माश्या घिरट्या घालत होत्या. दाराशी उतरायला याव्यात आणि दारच नाही. तिला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटलं. मग तिला दिसलं, की बऱ्याचशा कुंपणाकडे जातायत. विसरलेल्या फडक्याला घरचा, मेणाचा वास होता. त्याला माश्या झोंबल्या होत्या, मोठा लोंबता घोस झाला होता. आणि वारा लागू नये म्हणून त्याच्या मागे, खांबाला टेकवून, शिलाई मशीनचं लाकडी झाकण उभं धरलेलं होतं.

धरणारा माणूस तिरका उभा होता. डोक्यापासून खांद्यापर्यंत जाळीची टोपी. हातात गोधडीएवढे जाड हातमोजे.

"कोण?" तिने विचारलं, पण तिला कळलं होतं.

"हळू बोला," मास्तर झाकण न हलवता म्हणाले. "आत्ताच जरा शांत झाल्यात."

एक माशी जाळीवर, बरोबर नाकासमोर, चालत होती. जवळपास कुठे टेबल नव्हतं.

"तुम्ही इथे कसे?"

"तुम्ही आला नाहीत. म्हणून आलो. बघतो तर शेत रिकामं आणि ह्या सगळ्या उघड्यावर. तुम्हीच सांगितलं होतंत ना, घर जागेवर नसलं की त्यांचं कसं होतं. जवळ झाकण होतं, ते आडोशाला धरलं."

"हातमोज्यांत हवा शिरत असेल," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. "मनगटाशी बांधा, नाहीतर माश्या आत घुसतात."

"बाहीला शिवून टाकलेत."

"मग काढणार कसे?"

"उसवून," मास्तर म्हणाले. सगळा विचार झालेला होता.

आता तिला हसू आवरेना. पण हसता हसता तिची नजर त्या टोपीवर गेली. आतली शिवण बाहेर घेतलेली. कपाळाशी मऊ पट्टी, आणि ती पट्टी घडी घालून ठेवल्याने पिवळी पडलेली. आजकालची नव्हती ती.

"ही कधी शिवलीत?"

"तुमची शिवली ना, त्याच आठवड्यात."

"म्हणजे पहिल्या वर्षी?"

"कापड उरलं होतं," मास्तर म्हणाले. "घालायचं धाडस व्हायला जरा वेळ लागला."

थांबाबाई गवतावर मटकन बसली. तीन वर्षं हा माणूस टेबलावर चढत होता, आणि तीन वर्षं खणात ही टोपी ठेवून होता. आणि ती, जिने माशीच्या जातीला कधी मागे सोडलं नव्हतं, ती याला न विचारता सोडून पळाली होती.

"मास्तर, आज तुम्हाला काय विचारायचं होतं?"

मास्तरांचा हात टेपाकडे गेला, पण जाड मोज्यात टेप धरता येईना.

"ट्रकमध्ये शिलाई मशीन बसेल का?"

"काय?"

"हातमशीन आहे, पायाचं नाही. फार जागा खात नाही. पावसाळ्यात दुकान उघडू, बाकीचे महिने तुमच्याबरोबर. टोप्या, फडकी, तंबू, शिवायला काय कमी आहे? तुम्हाला तर दरवर्षीच लागतं." त्यांनी झाकण जरा सावरलं. "शेळ्या फार आहेत म्हणे तुमच्याकडे."

तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडून भावाची हाक आली. "ताई! इथे हातगाडीवर एक मशीन आहे!" आणि क्षणभराने, "आणि एक आजी आहे!"

"आजीला हात देशील की नुसता ओरडशील?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "मी खिडकीशी बसणार, आत्ताच सांगून ठेवते. मोहरी कुठल्या रस्त्याला लागते?"

"मोहरीला वेळ आहे, आजी. आधी सूर्यफूल," भाऊ म्हणाला.

"तेही पिवळंच असतं ना? चालेल."

थांबाबाई उठली. तिने मास्तरांच्या गळ्यातला टेप काढून घेतला, हातगाडीपाशी जाऊन मशीन मोजलं, ट्रकवर चढली, पेट्या सरकवून कोपरा मोजला. मग खाली येऊन पुन्हा मशीन मोजलं, कारण पहिल्या वेळचा आकडा डोक्यात राहिला नव्हता. भाऊ आणि आजी तिच्याकडे बघत होते. मास्तर झाकण धरून लांबून बघत होते.

"बसेल," ती म्हणाली. मग मोठ्याने, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, "बसेल!"

भावाने एक पेटी खाली आणली, तिच्या जुन्या चौकोनावर ठेवली आणि दाराची जाळी काढली. आतल्या माश्या दारात येऊन शेपट्या वर करून पंख मारू लागल्या. घरचा वास बाहेर पसरला. फडक्यावरचा घोस आधी जरा हलला, मग सैल पडला, आणि माश्या ओळीने चालत, उडत, एकमेकींच्या अंगावरून पेटीत शिरू लागल्या. आजी खिडकीत बसून टाळ्या वाजवत होती. मशीन कोपऱ्यात बसलं होतं. अंधार पडायला लागला, आणि भावाने सवयीने इंजिन सुरू केलं.

पेटीच्या दाराशी मास्तर उकिडवे बसले होते. त्यांनी गोधडीएवढा मोजा वर केला.

"थांबा!" ते म्हणाले. "अजून यायच्यात."

भावाने इंजिन बंद केलं. थांबाबाई जाऊन त्यांच्याशेजारी उकिडवी बसली, आणि दोघं मिळून माळकायांची वाट बघू लागली.